जुना अ‍ॅम्प पोटमाळ्यावरून काढलाय? पिन लावायच्या आधी हे वाचा

काकांचा नाहीतर आजोबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प घरात सापडला की माणूस पहिलं काय करतो, फडक्यानं पुसतो आणि पिन बोर्डात घालतो. भाऊ, तेवढं नका करू. दहा-पंधरा वर्षं बंद पडलेला अ‍ॅम्प थेट २३० व्होल्टवर लावला आणि धूर निघाला असं मी माझ्या डोळ्यांनी तीन वेळा पाहिलंय, त्यातले दोन तरी तासभर धीर धरला असता तर वाचले असते.

ज्यांनी आजवर अ‍ॅम्पचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे लोक येतात ते दोनच गोष्टी विचारायला, एक म्हणजे हा जुना डबा आजच्या नव्या सामानापुढे टिकेल का, आणि दुसरी म्हणजे टिकत असेल तर सुरू कसा करायचा. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

टिकतो का?

टिकतो, आणि चांगला टिकतो, पण दुरुस्त केलेला असेल तर. नुसता जुना म्हणून कुठलाच अ‍ॅम्प गोड वाजत नाही.

अ‍ॅम्पचं काम साधं आहे, आत येणारा बारीक सिग्नल जसाच्या तसा मोठा करून स्पीकरला द्यायचा, स्वतःचं काही त्यात घालायचं नाही. हे काम १९७० च्या दशकातच चांगल्या कंपन्यांना जमलेलं होतं. तेव्हाच्या बऱ्या अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन (मूळ सिग्नलमध्ये पडणारा बिघाड) कागदावर ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असायचं, आजच्या अ‍ॅम्पचं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं असतं, पण एवढ्या खाली गेल्यावर गाणं ऐकताना कानाला फरक कळत नाही. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकात एक चाचणी आली होती, त्यात स्वस्तातल्या रिसिव्हरपासून कित्येक हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळीच्या) अ‍ॅम्पपर्यंत सहा अ‍ॅम्प आवाजाची पातळी सारखी करून, नावं झाकून ऐकवले, आणि कोणता कुठला हे ऐकणाऱ्यांना खात्रीनं ओळखता आलं नाही. म्हणून "जुन्या अ‍ॅम्पचा आवाजच वेगळा, ती ऊब नव्यात नाही" असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे पार्ट) कधी बदलले होते? कारण ती ऊब पुष्कळदा सुकलेल्या कपॅसिटरमुळे गेलेली धार असते.

आणि वॅटचं म्हणाल तर जुन्या चांगल्या कंपनीचे २० वॅट म्हणजे खरेच २० वॅट. अमेरिकेत १९७४ साली सरकारी नियम आला की दोन्ही चॅनल एकदम चालवून, ठरावीक डिस्टॉर्शनच्या आत, सलग मिळेल तेवढीच पॉवर जाहिरातीत छापायची, आणि तिथे माल विकायचा म्हणून जपानी कंपन्यांनाही तसंच छापावं लागलं. नंतर आपल्याकडे टू-इन-वन आणि होम थिएटरच्या खोक्यांवर पीएमपीओचे (क्षणभराच्या फुगवलेल्या पॉवरचे) हजार-दोन हजार वॅट छापून यायला लागले, त्याला काही अर्थ नव्हता. एनएडी ३०२० हा अ‍ॅम्प १९७८ मध्ये आला, पाटीवर फक्त २० वॅट, पण चार ओहमचे अवघड स्पीकर तो बिनधास्त ओढायचा, आणि आज पन्नास वर्षं होत आली तरी लोक तो शोधत फिरतात. पॉवर दुप्पट झाली तरी आवाज फक्त ३ डीबीनं (डेसिबलनं) वाढतो, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत २० आणि ४० वॅटमध्ये फारसं काही नाही.

नवा कुठे पुढे आहे तेही सांगतो. आजचे छोटे क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करून चालणारे) अ‍ॅम्प खाल्लेल्या विजेतली जवळपास ९० टक्के स्पीकरला देतात, जुन्या पद्धतीचा म्हणजे क्लास एबी अ‍ॅम्प कागदोपत्रीसुद्धा साडेअठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, घरच्या आवाजाला तर त्याच्या निम्माही नाही, उरलेली सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा ही गोष्ट लहान राहत नाही. त्यात नव्याला ब्लूटूथ असतं, रिमोट असतो, कुठे कुठे टीव्हीची एचडीएमआय वायरही लागते. पण तोच नवा डबा जळला तर बहुतेक वेळा आतला अख्खा सर्किट बोर्डच बदलावा लागतो, आणि जुन्याचा एकेक पार्ट सुटा काढून बदलता येतो. माझा कौल असा, घरात आधीच असलेला जुना अ‍ॅम्प असेल तर त्याच्यावर नक्की मेहनत घ्या, पण काहीच नसेल आणि जवळपास मेकॅनिकही नसेल तर पाच-दहा हजारांतला नवा छोटा अ‍ॅम्प घेऊन उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. आवाज बदलतो तो स्पीकरनं, अ‍ॅम्प त्याच्या फार मागे आहे.

मागची पाटी वाचा

आता कामाला लागू. पिन लावायची नाही, आधी अ‍ॅम्प उलटा फिरवून मागची पाटी वाचायची. तिथे २२०, २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेलं असलं तर ठीक. जपानच्या घरगुती बाजारातला अ‍ॅम्प असला तर १०० व्होल्ट असतं, अमेरिकेतून आलेल्यावर १२०, हे दोन्ही आपल्या बोर्डात लावले की गेलेच. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तोही अ‍ॅम्पच्या पाटीवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दीडपट तरी मोठा घ्या. अमेरिकेच्या मालावर कधीकधी फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं, आपली लाईन ५० ची, त्यामुळे व्होल्टेज बरोबर दिलं तरी त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, तो शक्यतो घेऊच नका.

गल्फमधून आलेल्या बऱ्याच अ‍ॅम्पना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, ११०, १२०, २२०, २४०. आमच्याकडचा तसाच. काका मस्कतला होते, तिथून त्यांनी सान्सुईचा तीस वॅटचा आणला होता, आणि कोणीतरी तो सिलेक्टर खेळता खेळता १२० वर करून ठेवला होता. मी पाटी वाचली म्हणून वाचलो. २४० वर ठेवा, आपल्याकडे रात्री लाईन चढते.

रिसिव्हर असेल म्हणजे आतच रेडिओ असेल तर अजून एक बघा, जपानच्या घरगुती मॉडेलची एफएमची पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असते आणि आपली स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये, त्यामुळे रेडिओसाठी म्हणून घेत असाल तर तो तुमच्या कामाचा नाही.

झाकण उघडा

स्क्रू काढताना एका वाटीत ठेवा, बाजूचे आणि मागचे वेगळे. आत मोठे नळकांड्यासारखे दोन कपॅसिटर दिसतील, हे मेन फिल्टर, यांच्यात पिन काढल्यावरही चार्ज राहू शकतो. बरीच वर्षं बंद असलेल्यात तो नसतो, पण एकदा अ‍ॅम्प सुरू करून परत उघडलात तर असू शकतो, म्हणून मीटर (मल्टिमीटर) डीसी व्होल्टवर लावून त्याच्या दोन्ही टोकांवर मोजायचं, चार-पाच व्होल्टच्या खाली येईपर्यंत आत हात घालायचा नाही. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडणारे भेटतात, तसं करू नका, मोठा रेझिस्टर नाहीतर बल्ब दोन्ही टोकांना लावा म्हणजे शांतपणे उतरतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घर धाब्याचं. कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद गावी जमले होते, रोटांचा प्रसाद झाल्यावर दुपारी कोणीतरी पोटमाळ्यावरून अ‍ॅम्प खाली आणला आणि मी झाकण उघडलं तर आत धाब्याची पांढरी माती बोटभर साचलेली, ट्रान्सफॉर्मरच्या मागे सुकलेली पाल, आणि आउटपुट ट्रान्झिस्टरच्या (स्पीकरला ताकद देणारे पार्ट) हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत कापसाचं मऊ पांढरं तंतूच तंतू, कारण शेजारीच दोन वर्षं कापसाचा ढीग लागलेला होता. ती पाल दोन ट्रॅकच्या मध्ये पडली होती. त्या दिवशी कोणी नुसती पिन लावली असती तर ट्रान्झिस्टर गेले असते.

माती आणि पावसाळी ओल मिळाली की ती वीज वाहते, आणि हीटसिंकमध्ये कापूस अडकला की वारा बंद. रंगाचा कोरडा मऊ ब्रश आणि ब्लोअर, एवढंच वापरा. ब्लोअर लांबून मारा, आणि ओलं फडकं आत नको. साफ करताना नीट बघत जा, कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, बुडाशी चिकट तपकिरी काही सांडलंय का, बोर्ड कुठे काळा पडलाय का, फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार गुंडाळली आहे का. शेवटची गोष्ट आपल्याकडे फार दिसते आणि ती दिसली की समजायचं, आधी काहीतरी जळलं होतं आणि कोणीतरी घाई केली होती. फ्यूज पाटीवर जेवढ्या अ‍ॅम्पिअरचा लिहिलाय तेवढाच टाका.

धुळ्यातले ज्यांच्याकडे मी शिकलो ते मेकॅनिक बाबा गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच म्हणायचे, "पहिले साफ करा, मंग बोला." अर्धे अ‍ॅम्प त्यांच्याकडे साफ करूनच सुरू झालेले मी पाहिलेत.

सिरीज बल्ब

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे ज्याला समजलं त्याचा अ‍ॅम्प सहसा जळत नाही. कुठल्याही वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेजची वायर बल्बमधून फिरून सॉकेटला गेलेली. बल्ब जुना पिवळा तारेचा पाहिजे, ६० किंवा १०० वॅटचा, एलईडी चालत नाही कारण सगळी गंमत त्या तारेच्या रेझिस्टन्सची आहे. स्वतः बनवणार असाल तर वायरमनला जवळ बसवून बनवा.

अ‍ॅम्पला स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, सिरीज बोर्डात लावा आणि चालू करा. बल्ब एकदम लख्ख पेटतो आणि सेकंद-दोन सेकंदात मंद होत जाऊन तार फक्त लालसर राहते, म्हणजे कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. बल्ब लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे, बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर नाहीतर डायोड. घाबरायचं कारण नाही, वीज बल्बनं खाल्ली, अ‍ॅम्पचं आणखी नुकसान झालं नाही, आता तो मेकॅनिककडे न्या.

मंद राहिला तर तसाच अर्धा-पाऊण तास राहू द्या. बरीच वर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, कमी व्होल्टेजवर हळूहळू तो परत बसतो. थेट पूर्ण व्होल्टेज दिलं की तो थर तुटतो आणि कपॅसिटर गरम होऊन फुटतो, सुरुवातीला धूर म्हटलं तो हाच. या वेळात नाक जवळ ठेवा, जळका किंवा माशासारखा वास आला की बंद.

बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी आत "टक" असा आवाज येतो, तो स्पीकर वाचवणारा रिले. सिरीज बल्बवर व्होल्टेज कमी पडल्यामुळे कधीकधी टक होत नाही, त्यावरून बिघाड समजू नका.

मीटर

साधं डिजिटल मीटर घ्या. आता सिरीज बोर्ड काढून थेट लाईनवर, पण स्पीकर अजूनही नाही. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, एक टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला, दुसरं काळ्याला, दोन्ही चॅनल वेगवेगळे मोजायचे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभरच्या वर असेल तर दुरुस्ती लागणार, आणि व्होल्टमध्ये आकडा आला, समजा २० किंवा ३० व्होल्ट, तर स्पीकर अजिबात लावायचा नाही, लावला तर त्याची कॉइल काही सेकंदात जळते. मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "पूर्ण चेक केलेला" अ‍ॅम्प घेतला होता, घरी मोजला तर डाव्या चॅनलला ३१ व्होल्ट. मोजला म्हणून स्पीकर वाचले. पैसे परत मिळायला दोन महिने लागले, आणि तेव्हापासून माझा नियम आहे की दुसऱ्यानं कितीही चेक केलेला असो, पहिला स्पीकर लागण्याआधी मीटर लागतं.

भंगारातला स्पीकर लावून ऐका

पहिल्यांदा ऐकायला जुना, गेला तरी जीव हळहळणार नाही असा स्पीकर. आता कान द्या.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते? ती पॉटची, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पार्टची धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, पॉटच्या मागच्या बारीक भोकातून थोडासा मारा आणि बटण इकडून तिकडे वीस-तीस वेळा फिरवा, सिलेक्टरचं आणि टेप मॉनिटरचं (टेपरेकॉर्डरमधून आवाज घ्यायचं) बटणही तसंच. गंज सोडवायचा साधा स्प्रे किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग माती अजून चिकटते. टेप मॉनिटरचं बटण आत दाबलेलं राहिलं म्हणून आवाजच येत नाही आणि लोक अ‍ॅम्प भंगारात देतात, हे पण एक बघा.

एक बाजू मधूनच जाते आणि आवाज वाढवला की परत येते? बहुतेक रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत, रिले नवीन मिळतो, स्वस्त आहे. दोन्ही बाजूंना सतत "घूंऽऽ" आणि व्हॉल्यूम शून्यावर असला तरी तेवढाच? मेन फिल्टर कपॅसिटर सुकलेत. घूं व्हॉल्यूमबरोबर वाढते? मग वायर किंवा अर्थिंग बघा, टीव्हीची केबल काढून बघा, सेट-टॉप बॉक्समुळे हे खूप घरांत होतं. हलवल्यावर आवाज जातो-येतो म्हणजे ड्राय सोल्डर, डाग सुटलेला जोड.

हे सगळं बरं असेल तर दोन तास साध्या आवाजावर वाजू द्या आणि हीटसिंकवर हात ठेवा. कोमट ते गरम चालतं. हात तीन सेकंदसुद्धा टेकवत नसेल, किंवा एक बाजू गार आणि दुसरी चटका देणारी असेल, तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारी ठरावीक वीज, बिघडलेला आहे. तो बारीक प्रीसेट फिरवून सेट करतात, पण सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा हातात असल्याशिवाय फिरवू नका, थोडा जास्त फिरला की ट्रान्झिस्टर जातो.

कपॅसिटर आणि आपलं ऊन

नवीन माणसाला सगळेच सांगतात "कपॅसिटर बदला", का ते कोणी सांगत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओला द्रव असतो आणि तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. आता ८५ अंशांवर २००० तास टिकणारा साधा कपॅसिटर धरा. डब्याच्या आत ४५ अंश असेल तर तो साधारण ३२,००० तास टिकेल. पण आपल्याकडे मेमध्ये खोलीतच ४२-४५ असतं, अ‍ॅम्पच्या आत वीस अंश अजून चढतात, म्हणजे ६५, आणि ६५ ला तोच कपॅसिटर ८,००० तास. १०५ अंशांचा घातला तर ६५ लाही ३२,००० तास मिळतात, आणि किमतीत फरक थोडाच. म्हणून खान्देशात बसून कपॅसिटर बदलणार असाल तर १०५ चेच घ्या. निचिकॉन, रुबिकॉन ही जपानी नावं आहेत, आपल्या केरळच्या केल्ट्रॉनचेही मिळतात. व्होल्टेज जुन्यावर लिहिलंय तेवढं किंवा त्याहून एक पायरी वरचं, खालचं कधीच नाही, कारण शेतीच्या फीडरवरची लाईन रात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या पुढे जाते आणि आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. प्लस-मायनस उलटं लागलं तर फुटतो, बदलण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवा.

सगळे एकदम काढू नका. एकेक काढा, एकेक लावा, मध्ये मध्ये चालवून बघा, नाहीतर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

ट्रान्झिस्टर गेलेला असेल तर जपून. जुने भारतीय अ‍ॅम्प म्हणजे पत्र्याच्या टोपीचा तीस-पंचावन्न (२एन३०५५ ट्रान्झिस्टर), तो अजून मिळतो, पण बाजारात नकली फार. साउंडवाले ५२००-१९४३ ची (२एससी५२०० आणि २एसए१९४३ ट्रान्झिस्टरची) जोडी सगळीकडे ठोकतात, ती चांगली जोडी आहे, पण प्रत्येक सर्किटला बसत नाही, मेकॅनिकनं बायस परत मोजला का ते विचारा. एसटीके आयसीवाले (आउटपुटचं सगळं सर्किट एकाच चिपमध्ये असलेले) ८०-९० च्या दशकातले अ‍ॅम्प असतील तर त्याचा आयसी गेल्यावर खरा मिळणं फार अवघड, असा अ‍ॅम्प आयसी गेलेला असेल तर मी तरी घेत नाही.

मेकॅनिक कुठे शोधायचा? मोबाइलच्या दुकानात विचारू नका. लग्नात साउंड लावणाऱ्यांना विचारा, जानेवारी ते मे त्यांची मशीनं रोज पडतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी वरातीला परत लागतात, त्यामुळे हात बसलेला माणूस त्यांनाच माहीत असतो. मात्र काम पावसाळ्यात न्या. सीझनमध्ये नेलं तर तुमचा अ‍ॅम्प कोपऱ्यात पडून राहील.

फोन आणि टीव्ही कसा जोडायचा

जुन्या अ‍ॅम्पच्या मागे ऑक्स, ट्यूनर, टेप असं लिहिलेलं असतं, यातलं कुठलंही चालतं. फोनोमध्ये फोन घालायचा नाही, नाव सारखं वाटतं म्हणून पुष्कळ जण घालतात. फोनो हा तबकडीच्या सुईसाठी, तिचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो म्हणून तिथे खूप जास्त वाढवला जातो, शिवाय तबकडीसाठी बास चढवून ट्रेबल उतरवलेला असतो. मोबाइल तिथे लावला की आवाज फाटतो. पण घरात जुन्या तबकड्या असतील तर हाच फोनो जुन्या अ‍ॅम्पचा मोठा फायदा आहे, आजच्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये तो सहसा नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

फोनला हेडफोनचं भोक असेल तर तिथून दोन आरसीएची साधी वायर, नसेल तर छोटं डीएसी (फोनच्या डिजिटल आवाजाचा साधा सिग्नल करणारी डबी) नाहीतर ब्लूटूथ रिसिव्हर. एक अडचण येते ती आधीच सांगतो, जुन्या अ‍ॅम्पच्या ऑक्सला पूर्ण आवाजासाठी साधारण १५० मिलिव्होल्ट पुरायचे आणि सीडीच्या काळापासून बाहेरची उपकरणं २ व्होल्ट द्यायला लागली. त्यामुळे बटण जरासं फिरवलं की घर हादरतं आणि कमी आवाजावर डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही. अशा वेळी डीएसीचा किंवा फोनचा आवाज निम्म्यावर आणा, अ‍ॅम्पचं बटण नऊ-दहाच्या काट्यावर येऊ द्या, मग दोन्ही बाजू जुळतात.

लाउडनेस नावाचं बटण असेल तर ते रात्रीसाठी, हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो म्हणून ते बास भरून काढतं. मोठ्या आवाजाला बंद ठेवा.

ठेवायची जागा म्हणाल तर वरच्या जाळीवर निदान वीतभर मोकळं सोडा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, विणलेला रुमाल तर नकोच. स्टॅबिलायझर लावा. कूलरसमोर ठेवू नका, तो वारा थंड असला तरी ओला असतो. वाजवणं झालं की बोर्डाचं बटण बंद, आणि आभाळ कडकडायला लागलं की पिनच काढा, हे नव्या अ‍ॅम्पलाही लागू, उलट त्याची एसएमपीएस (आतली इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) अशा झटक्याला जास्त हळवी असते.

नव्याशी तुलना करायचीच असेल तर

करा, पण नीट. जो थोडा मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, एखाद्या डीबीचा फरक असला तरी, आणि दुकानदार लोक याच्यावरच माल विकतात. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, १०० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर करून स्पीकरच्या दोन टोकांवर मोजा, समजा १.०० व्होल्ट. दुसऱ्या अ‍ॅम्पवर तोच स्पीकर, तोच टोन, परत १.०० येईपर्यंत बटण फिरवा. टोन कंट्रोल मध्यावर, लाउडनेस बंद. मग एकानं वायर बदलायची आणि दुसऱ्यानं पाठ करून ऐकायचं.

वायर बदलताना दोन्ही अ‍ॅम्प बंद करा, आणि दोघांचं काळं टर्मिनल एकत्र जोडणारा स्वस्तातला स्पीकर स्विच वापरू नका. छोट्या क्लास डी अ‍ॅम्पमध्ये बहुतेक वेळा काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, ते जुन्याच्या ग्राउंडला टेकलं की नवा अ‍ॅम्प जातो.

आम्ही हे दिवाळीत केलं, मी आणि चुलतभाऊ, काकांचा सान्सुई आणि हातावर मावणारा एक नवा क्लास डी. कपॅसिटर बदलण्याआधी सान्सुई मऊ वाजायचा, झांजेची किणकिण गायब, आणि चुलतभावाला तेच आवडायचं. कपॅसिटर बदलल्यावर पातळी जुळवून ऐकलं तर दोघांनाही दहातून पाच-सहा वेळाच बरोबर ओळखता आलं, म्हणजे अंदाजपंचे. फरक राहिला तो इतकाच की अगदी शांत जागी स्पीकरला कान लावला तर सान्सुईतून बारीक घूं ऐकू येते आणि नव्यातून नाही. काका स्वतः बटण फिरवून बराच वेळ बसले होते, ते जड बटण फिरताना जो हलका अडथळा लागतो ना, त्यांना तो बोटांना आठवत होता. आता सान्सुई तबकड्यांना आहे आणि नवा टीव्हीला.

विकत घ्यायला निघालात तर

भुसावळ-जळगाववाल्यांना मुंबईची गाडी आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा लॅमिंग्टन रोड आणि जुन्या मालाचा चोर बाजार दोन्ही एका दिवसात होतात, अमळनेर-नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ. जाताना खिशात मीटर, एक छोटा स्पीकर आणि फोनची वायर घेऊन जा. विक्रेत्याला चालू करायला सांगा, आधी डीसी मोजा, मग स्पीकर लावा, सगळी बटणं फिरवा, दोन्ही बाजू ऐका, निदान वीस मिनिटं वाजू द्या, कारण गरम झाल्यावर जाणारे पार्ट पहिल्या पाच मिनिटांत सापडत नाहीत. झाकण उघडू देत नसेल तर उठा. किंमत ठरवताना कपॅसिटर, रिले आणि मजुरी धरून ठेवा, आणि ती धरून नव्या चांगल्या अ‍ॅम्पच्या वर जात असेल तर तो घेऊ नका, कंपनीचं नाव कितीही मोठं असो. नावामुळे मॅरंट्झ, पायोनियरचे भाव फुगवलेले असतात, त्याच जोराचे कमी नावाजलेले जुने अ‍ॅम्प निम्म्यात मिळतात आणि वाजतात तेवढेच.

परत येताना अ‍ॅम्प आडव्या पिशवीत, नॉबची बाजू वर नाही आणि खालीही नाही, नेहमी ठेवतो तसाच सपाट, खाली जाड गोधडी. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो म्हणून उचलताना तो कलतो, तो हात आधीच बघून ठेवा. आणि घरी पोचल्यावर रात्र झाली तरी पिन लावायची घाई नको, सकाळी झाकण उघडून प्रवासात काही सुटलंय का ते बघा, मग परत सिरीज बल्बपासून सुरुवात करा.